मानकऱ्यांची यादी

कुरणवाडी, ता. ९ एप्रिल २०२६

मौला यास,

गणपतचा रामराम. हे पत्र बघून तू हसशील. एकोणीस वर्षं पोलीस पाटील म्हणून मी फक्त अहवाल लिहिले, त्यामुळे आत्ताही हात आपोआप ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ लिहायला गेला. दोन कागद फाडले, हा तिसरा.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितो आहे. तोहिदला विचारलं तर म्हणाला, अब्बांचा फोन बिघडलाय. आयुष्यभर गावाच्या जळक्या मोटारी भरून देणाऱ्या माणसाचा फोन चार महिने बिघडलेला राहतो हे मला पटत नाही. पण असू दे.

इकडची खबर अशी, की नदीवरच्या स्कीमची मोठी मोटर मार्चमध्येच जळाली. कुरुंदवाडला नेली. तिथल्या मिस्त्रीने आठ दिवस घेतले आणि भरून दिली ती चौथ्या दिवशी पुन्हा जळाली. स्कीमवरचा आकाराम रोज शिव्या घालतो. त्याला नाही, तुला. “मौला असता तर दोन दिसात पानी चालू झालं असतं,” म्हणतो. मी म्हटलं, मग त्याला तसं सांग जाऊन. तर खाली मान घालून चालायला लागला. तुझ्या दुकानाच्या शटरला गंज धरायला लागला होता, परवा मी कुलपात तेल घालून आलो.

कळंब्यात करमतं का? रुबीनाचं घर तलावाच्या बाजूला आहे की तुरुंगाच्या, ते मला आठवत नाही. लग्नानंतर एकदाच आलो होतो, तेव्हा जेवणाकडे जास्त लक्ष होतं. जरीनाभाभींच्या गुडघ्याला लेकीकडे आराम पडला असेल, तर निदान तेवढं तरी चांगलं झालं.

आता मुद्द्याचं. जूनच्या मध्यावर मोहरमचा चाँद दिसेल. दुसऱ्या दिवशी तालमीपुढे अलाव्याच्या, म्हणजे मोहरमच्या विस्तवाच्या, खड्ड्यावर पहिली कुदळ पडायला पाहिजे. पिराचे पंजे आमच्या घरात ट्रंकेत आहेत, तानाबाईने गेल्याच आठवड्यात ट्रंक उघडून वाळवी बघितली. पण फातिहा तू द्यायचास, पंज्यांची बांधणी तुझ्या हातची, आणि मग कुदळ माझी. आपल्या दोघांच्या आज्यांपासून हे असं आहे. तू येणार आहेस का, तेवढं कळव म्हणजे तयारीला लागतो.

डिसेंबरात तू टेंपोत सामान भरलंस तेव्हा मी मळ्यात होतो. मला कुणी सांगितलंच नाही. आल्यावर बघतो तर कुलूप. तू का गेलास हे मला अजून कळलेलं नाही. खरंच कळलेलं नाही.

तुझा,
गणपत

कुरणवाडी, ता. २७ एप्रिल २०२६

मौला,

उत्तर नाही. पोस्टमनला रोज विचारतो, तो आता मला बघून सायकल वळवतो.

तानाबाई म्हणाली, “तुमी काय लिवलंसा ते मला वाचून दावा.” कच्चा कागद ठेवला होता, तो वाचून दाखवला. ऐकून म्हणाली, “ह्यात मोटर हाय, शटर हाय, भाभींचा गुडगा हाय. जी गोष्ट हाय ती कुठं हाय?” आणि उठून चुलीकडे गेली. तुझी वहिनी बोलते कमी आणि लागतं जास्त, हे तुला माहीत आहेच.

तर ती गोष्ट.

गेल्या साली ऑगस्टमध्ये तुझ्या शटरवर कुणीतरी कागद चिकटवला, ‘यांना काम देऊ नका’ असा. कुणीतरी काय म्हणायचं, माझ्याच पुतण्याने, धैर्यशीलने आणि त्याच्या पाच-सहा पोरांनी. तालुक्याला कसला तरी मोर्चा झाला होता, तिथून ते कागदांचा गठ्ठा घेऊन आले होते. आपल्या गावात सहा घरं तुमची, त्यात दुकान तुझं एकट्याचं. मग तो गठ्ठा कुठं लावणार? सगळा तुझ्याच शटरला लावला. तू सकाळी आलास, पाण्याची बादली घेतलीस आणि कागद भिजवून खरवडून काढलेस. मी समोर कट्ट्यावर बसलो होतो. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, “खळ चांगली वापरलीया.” मी हसलो. तूही हसलास. मला वाटलं, संपलं.

आणि लोकांनी काम बंद केलंच नाही की. पुढून यायचे ते मागच्या बोळातून मोटारी आणून टाकायला लागले, एवढाच फरक. तू भरून देत होतास. मी ठाण्याला अहवालात लिहिलं, ‘किरकोळ प्रकार, गावात शांतता.’

त्या साली गणपती विसर्जन आणि पैगंबर जयंती एका दिवसाच्या अंतराने आली होती. ठाण्यातून निरोप आला, की कागद लावल्याचा प्रकार झाला आहे, गाव संवेदनशील धरलं आहे, दोन्ही बाजूंच्या दहा-दहा जणांना शांतता राखण्याच्या नोटिसा द्यायच्या आहेत. नावं मागवण्यात आली. नावं देण्यात आली. नोटिसा निघाल्या. त्यात तुझंही नाव निघालं, तोहिदचंही निघालं.

दस्तगीरचाचांचंही निघालं. ते आठवलं की अजून कळत नाही हसावं की काय करावं. हवालदार कृष्णात नोटीस घेऊन आला आणि मला म्हणाला, “पाटील, हे दस्तगीर कुठं राहत्यात?” मी म्हटलं, “वढ्याच्या पलीकडं, चिंचंखाली. तीन वर्षं झाली.” तो बिचारा कबरस्तानापर्यंत जाऊन आला, आणि ‘सदर इसम मिळून आला नाही’ असा शेरा मारून कागद परत घेऊन गेला.

बाकी सगळ्यांबरोबर तूही शिरोळला तहसीलदारांपुढे उभा राहून हमी देऊन आलास. वर्षभर चांगलं वागेन म्हणून. साठीला आलेला माणूस. मला वाटलं, सगळ्यांनाच दिल्या आहेत, इकडच्या दहा, तिकडच्या दहा, त्यात एवढं काय. सरकारने काही भेदभाव केला नाही, हे तर तुलाही मान्य करावं लागेल.

तुला राग सरकारचा आला असेल तर माझा फोन का उचलत नाहीस, हे मला समजत नाही.

गणपत

कुरणवाडी, ता. १६ मे २०२६

मौला,

काल तोहिद आला होता. तुला न सांगता आला असेल, तर त्याला ओरडू नकोस.

ओसरीवर बसला, पण टेकून बसला नाही. तानाबाईने ताक दिलं ते प्याला. मग पिशवीतून कागद काढला. आयटीआयमध्ये निदेशक म्हणून त्याची निवड झाल्याचं मला माहीतच नव्हतं. एवढी मोठी बातमी आणि गावात पेढा नाही. मी म्हटलं, “आरं, मग बोलला न्हाईस?” तर म्हणाला, “काका, निवड झाली, पण नेमणूक आडकलीया.”

पोलीस पडताळणीच्या फॉर्मवर विचारलं होतं, की तुमच्यावर कधी प्रतिबंधक कारवाई झाली आहे का. त्याने खरं तेच लिहिलं, ‘होय.’ आता वरच्या कार्यालयाला खुलासा पाहिजे. कारवाई कशावरून झाली, या मुलाविरुद्ध काय तक्रार होती. तीस जूनपर्यंत खुलासा गेला नाही तर निवड रद्द, पुढच्या नंबरचा माणूस घेणार. ठाण्यात गेला तर तिथे म्हणाले, नावं गावच्या पोलीस पाटलांनी दिली होती, त्यांचं लेखी आणा.

“लेखी म्हंजे काय लिवू?” मी विचारलं.

“माझ्याविरुद्ध काय तक्रार हुती ते.”

“तक्रार कुठं हुती?”

“तेच लिवा की काका.”

मी म्हटलं, विचार करून सांगतो. तो उठला. जाताना तानाबाईच्या पाया पडला. माझ्या नाही पडला. म्हणजे वाकला होता, पण मीच पाय मागे घेतले.

आता तुला सांगतोच. गेल्या पत्रात ‘नावं देण्यात आली’ असं लिहिलं होतं. नावं मी दिली. माझ्या हाताने, माझ्या पेनाने, ओसरीवर बसून.

ठाण्यातल्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं होतं, “पाटील, सरकार धर्म बघत नाही. दोन्हीकडचे दहा-दहा द्या. उद्या कुणी म्हणायला नको की एकाच बाजूला धरलं.” मी म्हणालो, “साहेब, कागद लावणारे पाच-सा जण हायत. ज्येच्या दुकानाला लावला तो एकटा हाय. धा-धा कशी व्हायची?”

असं म्हणालो नाही. असं म्हणायचं मनात होतं. म्हणालो ते एवढंच, “व्हय साहेब.”

इकडचे दहा सोपे होते. धैर्यशील स्वतः घरी आला, “काका, माझं नाव वर घाला,” म्हणून. नोटीस मिळाल्यावर त्याने तिचा फोटो स्टेटसला लावला, आणि चौकात फ्लेक्स लागला त्या दहा जणांचा, हार घातलेला. तुमचे दहा कुठून आणायचे, ते मला कळेना. सहा घरं. भांडखोर म्हणावा असा एकही माणूस नाही. कोण कुणाला कधी काय बोललं, तेही आठवेना. संध्याकाळपर्यंत कागद पाठवायचा होता. तालमीत गेलो डोकं शांत करायला, तर भिंतीवर समोर यादी. पिराच्या मानकऱ्यांची, चौकटीतली, तुझ्या अब्बांच्या अक्षरातली. नंबर एक, फातिहा आणि बांधणी, मौला. पुढे दस्तगीरचाचा, उदाचं धूपाटणं. पुढे तोहिद, मोरपिसांचं मोरचेल. क्रमाने लिहिलेली, नंबर घातलेली, आयती. मी ती उतरवून काढली. सात नावं तिच्यातून मिळाली, तीन मतदार यादीतून घातली, झाले दहा.

शप्पथ सांगतो, मला त्यात काही वाईट दिसलं नाही. वाटलं, ही गावातली सगळ्यात भली माणसं. यांना कोण काय करणार? नोटीस येईल, सही करतील, संपेल. बदमाश माणसाचं नाव दिलं असतं तर त्याचं काहीतरी झालं असतं. भल्या माणसाचं काय होतंय? असा हिशोब होता माझा. तो कुठं चुकला, ते मी रोज शोधतो. कधी वाटतं सगळाच चुकला, कधी वाटतं मी काय करू शकत होतो.

तोहिदला लेखी दिलं, तर त्याचा अर्थ मी सरकारला खोटी यादी दिली असा होतो. माझी दोन वर्षं राहिली आहेत. सन्मानाने सुटायचं होतं. तू माझ्या जागी असतास तर काय केलं असतंस?

गणपत

कळंबा, ता. २३ मे २०२६

गणपतराव,

तिन्ही पत्रं मिळाली.

तुम्ही लिवलंसा, यादीतली सात नावं घेतली. ती यादी माझ्या बापानं लिवलीया, मला तोंडपाठ हाय. नावं अकरा हायत. एक नंबर मी. तीन नंबर दस्तगीरचाचा. दोन नंबरला कोण हाय, ते तुमच्या पत्रात दिसलं न्हाय.

मौला

कुरणवाडी, ता. ३० मे २०२६

मौल्या,

जन्मात पहिल्यांदा तू मला गणपतराव म्हणालास. अहो-जाहो केलंस. पत्र चार ओळींचं, पण चार दिवस खिशात घेऊन फिरतो आहे. तानाबाईने शर्ट धुवायला घेतला, तेव्हा तिनेही वाचलं. तिला वाचता येतं हे मी अधूनमधून विसरतो.

दोन नंबरला मी आहे. कुदळ आणि पंजे सांभाळणे, गणपतराव. चार नंबरला केरबा लोहार, पंज्याच्या दांड्याला पट्टी मारायला. सहाला आकाराम, अलाव्याची लाकडं. नऊला आप्पा हलगीवाला. अकरातली चार नावं आमची. उतरवताना मी एक लिहिलं, मग डोळा तीनवर गेला. विचार करून गेला असं नाही. हातच तसा चालला. तीन लिहून झाल्यावर चार सोडला, पाच घेतला. एका यादीतले लोक मी असे निवडत गेलो आणि मला ते काम अवघडसुद्धा वाटलं नाही. आज इतकी वर्षं त्या यादीखाली बसतो आहे. कोण कुठला हे वेगळं काढता येतं हे मला त्या दिवशीपर्यंत माहीत नव्हतं, आणि काढायला बसलो तर पाच मिनिटंही लागली नाहीत.

आणखी एक. डिसेंबरात मी मळ्यात नव्हतो. घरातच होतो, खिडकीपाशी. टेंपोत तुझं वायंडिंगचं मशीन चढवताना तुला आणि तोहिदला जड जात होतं, ते मी बघितलं. बाहेर येऊन हात लावावा असं वाटत होतं. पण आलो असतो तर तू विचारलं असतंस. त्याआधी एकदा विचारलंच होतंस तू, शिरोळहून हमी देऊन आल्यावर, एस.टी.तून उतरताना. “गण्या, त्या कागदावर बाजू लिवलीया. माझी बाजू कुठली रं?” मी म्हटलं, “आरं, सरकारी फॉर्म असतोय तसला.” तू म्हणालास, “व्हय, फॉर्म असतोय.” त्यानंतर तू माझ्याकडे चहाला आला नाहीस. मी ते कामामुळे असेल असं धरून चाललो.

मला खरंच गोंधळायला झालं आहे, मौला. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी मनापासून दोन्हीकडचे सारखे मागितले. शाळेत मास्तर दोन पोरं भांडली की दोघांनाही उभं करायचे, आपल्याला वाटायचं किती न्यायाने वागतात. पण इथे भांडण झालंच नव्हतं. एकाने कागद लावला आणि एकाने भिजवून काढला. दोघांना सारखंच वाटून दिल्यावर धैर्यशीलला हार मिळाला आणि तुला कळंबा. हे कुठल्या जागी सारखं राहिलं नाही, तिथं बोट ठेवायला जातो आणि बोट दुसरीकडेच पडतं. सरकारवर ठेवावं तर सरकारला नावं पुरवणारा मी. माझ्यावर ठेवावं तर मी काय, पंधरा हजार मानधनाचा माणूस. आणि तरी दोन नंबर कुणी गाळला, हे विचारलं की सरकार त्यात कुठेच दिसत नाही.

परवा ईद झाली. तुमच्या कुलपाकडे बघून आकाराम म्हणाला, “यंदा सणाला सण वाटंना.” मी म्हटलं, “फोन कर की त्येला.” म्हणाला, “काय तोंडानं?” तेवढंच बोललो आम्ही.

कालच ठाण्यातून निरोप आला आहे. मोहरम जवळ आला, यंदाची यादी पाठवा. कृष्णात हवालदार म्हणाला, “मागचीच हाय की, तारीख बदला आन् द्या.” म्हणजे एकदा लिहिलेलं नाव आता आपोआप दर साली जाणार. मला एवढंही माहीत नव्हतं.

गण्या

कुरणवाडी, ता. १५ जून २०२६

मौल्या,

सोबत एक कागद जोडला आहे. आधी तो बघ, मग हे वाच. ती तोहिदसाठी दिलेल्या लेखीची प्रत आहे. मूळ कागद ठाण्याच्या आवकेत गेला, खाली शिक्का आणि नंबर आहे. गेल्या आठवड्यात त्यालाही एक दिली, तो तशीच घेऊन कार्यालयात गेला. त्यात मी लिहिलं आहे, की गेल्या साली दिलेली नावं तालमीतल्या मानकऱ्यांच्या यादीतून आणि मतदार यादीतून उतरवली होती, त्यांपैकी कुणाविरुद्ध कसलीही तक्रार नव्हती आणि नाही, आणि चूक लिहिणाऱ्याची आहे. अहवालाच्या भाषेत लिहायला बसलो होतो, ‘चूक झाली आहे’ असं. तानाबाईने शेजारी बसून ते खोडायला लावलं. ‘मी चूक केली’ असं लिहायला लावलं.

आणि यंदाची यादीही दिली. तालमीतली चौकट खाली उतरवली, ओसरीवर घेऊन बसलो आणि जशी आहे तशी उतरवली. एक तू. दोन मी. तीनवर दस्तगीरचाचांच्या नावापुढे मयत लिहिलं. चार केरबा, पाच तोहिद, सहा आकाराम, असं शेवटपर्यंत. केरबाला, आकारामला आणि आप्पाला आधी विचारलं. केरबा म्हणाला, “घाल की. यादीत नाव हाय तर हाय.” आप्पा नुसता मान हलवून गेला. आकारामने चौकटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “मौलाच्या खाली हाय न्हवं माझं? मग ऱ्हाऊ दे.”

साहेबांनी वाचलं. मोजलं. पुन्हा वाचलं.

“पाटील, ही बाजू कुठली?”

“पिराची.”

“म्हणजे मुसलमान ना?”

“मी दोन नंबरला हाय की साहेब.”

“अहो, पण हे सगळे एकत्र आहेत. फॉर्मला दोन रकाने आहेत. वेगळे करून द्या.”

“गेल्या साली दिलं हुतं येगळं करून. तीच चूक लिवून आनलीया.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत, हे सांगायला पाहिजे. दमलेले दिसले. म्हणाले, “पाटील, तुमची दोन वर्षं राहिली आहेत. हा कागद आत आला की मला तुम्हाला कारणे दाखवा नोटीस द्यावी लागेल.” मी म्हटलं, “द्या.” मग म्हणाले, “मला तरी काय करायचंय तुमच्या गावात? वरून दहा-दहा मागतात, मी मागतो.” मला त्यांचंही खरं वाटलं. गोंधळ अजून संपलेला नाही, मौला. नुसती सही करून टाकली आहे.

आता पुढचं ऐक. बाकीच्या नावांचं साहेब वर विचारून ठरवणार आहेत. धैर्यशीलची दहा नावं मागच्यासारखी निघाली, त्याचा फ्लेक्सही छापायला गेला. पण त्यांच्यासोबत अकरावी नोटीस निघाली, माझी. कारण काय, तर स्वतःहून लिहून दिलेलं नाव कसं सोडायचं. ती काल गावात आली. गावात नोटीस बजावताना शेजारी पोलीस पाटलाची सही लागते, म्हणून कृष्णात ती घेऊन माझ्याच दारात उभा. एकाच कागदावर मी दोन सह्या केल्या. ‘समक्ष’ म्हणून एक आणि ‘मिळाली’ म्हणून एक. तानाबाई दारात उभी राहून बघत होती. तिला हसू आवरेना, आणि मग तिने पदराने डोळे पुसले.

कृष्णात म्हणाला, “पाटील, बाजूचा रकाना कोरा हाय. काय लिवू?” मी म्हटलं, मला माहीत नाही. तो म्हणाला, त्यालाही माहीत नाही. तसाच कोरा ठेवून घेऊन गेला.

शुक्रवारी शिरोळला जायचं आहे हमी द्यायला. वर्षभर चांगलं वागेन म्हणून. ती नोटीस मी घडी घालून पाकिटात ठेवली आहे. तू तुझी पाकिटातच ठेवतोस, हे मी बघितलं आहे, पण का ठेवतोस ते कळत नव्हतं. आज दुकानात चहापत्ती घ्यायला पाकीट काढलं तर ती बोटाला लागली. दिवसातून किती वेळा पाकीट काढतो माणूस, ते आजच लक्षात आलं. नऊ महिने तू हे करतो आहेस.

माफी माग, असं तानाबाईने सांगितलं आहे. मागतो. पोराच्या नोकरीचं काय होईल, हे माझ्या हातात नाही. कागद वेळेत पोचला, एवढंच होतं. तू परत दुकान उघडावंस असंही म्हणत नाही. ते म्हणायचा हक्क मला राहिला आहे की नाही, तेही मला कळत नाही.

उद्या नाहीतर परवा चाँद दिसेल. पंजे तानाबाईने चिंच लावून घासले आहेत. यादीची चौकट पुन्हा तालमीत लावली आहे, खिळा जरा वर मारला. कुदळीला केरबाने नवा दांडा बसवून दिला. खड्ड्याची जागा मी आज झाडून काढली. लोक विचारतात, यंदा कुदळ कधी. मी सांगतो, एक नंबर अजून आलेला नाही. तो आल्याशिवाय दोन नंबरने कुदळ उचलायची नाही, असं यादीत कुठे लिहिलेलं नाही, पण आजवर कधी उचललेली नाही.

मी तालमीपुढे बसून आहे.

गण्या,
नंबर दोन